पाच सूत कमी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं लोक म्हणतात. आई म्हणते, "शेंड्यावर कायचा? त्याच्याही दोन बोटं पुढं असते." आईचं खरं आहे. रायपूर नव्यानं राजधानी झालं त्या दिवसांत याच रागापायी मी माझं रायपुरातलं बस्तान स्वतःच्या हातानं उठवायला निघाले होते. बाबा नसते तर आज हे नागपुरात बसून लिहिलं असतं.

तेव्हा सगळं गावच जागा शोधत होतं. भोपाळहून आलेले साहेब घरं शोधत होते, सरकारी खाती इमारती शोधत होती. काल शाळा म्हणून बघितलेल्या इमारतीवर आज संचालनालयाची पाटी दिसायची. तात्यापाऱ्यात आमच्या घरासमोर चुन्याचं गोदाम होतं, तेही एका सकाळी ऑफिस झालं, अन् तिथले बिचारे बाबू आठ दिवस पांढरे होऊन घरी जायचे. आम्हाला भारी मजा वाटायची. आमची माणसं विदर्भातून रेल्वेच्या नोकरीपायी इकडे आलेली. नागपूरचे नातेवाईक कायम आम्हाला खिजवायचे, "रायपूर का? असंन बापा, गाडी थांबते तिथं." आता घ्या म्हटलं, राजधानी!

मी औषधांच्या घाऊक व्यापाराच्या एका कंपनीत होते. मुख्य ऑफिस नागपूरला, अन् रायपूरच्या ऑफिसात कम्प्युटरचं जे काही असेल ते मी एकटी बघायची. इकडच्या दुकानांच्या ऑर्डरी नागपूरच्या सर्व्हरवर जायच्या, म्हणजे जायच्या असं आपलं म्हणायचं. लाइन इतकी रडकी, की सकाळी मागितलेलं खोकल्याचं औषध नागपूरला कळेपर्यंत पेशंट बरा व्हायचा. आपला एक सर्व्हर रायपुरात ठेवा म्हणून मी साहेबांच्या कानाशी कितीतरी महिने भुणभुण केली. शेवटी ते कंटाळून हो म्हणाले.

पण आमच्या ऑफिसात तो ठेवणार कुठं? उन्हाळ्यात तिथं माणसंच शिजायची. बूढापाऱ्यात तलावाजवळ इंटरनेट पुरवणाऱ्या एका लहानशा कंपनीची थंडगार खोली होती. एसी, जनरेटर, चांगली लाइन, सगळं होतं. तिथं मशीन आपलं नेऊन ठेवायचं, जागा अन् वीज त्यांची. याला कोलोकेशन म्हणतात. आईला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे गाय आपली अन् गोठा दुसऱ्याचा." यापेक्षा सोपं मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

साहेबांनी मात्र एक अट घातली. "शनिवारी संध्याकाळपर्यंत सर्व्हर तिथं चालू झाला पाहिजे. नाही झाला तर रविवारी आपली औषधांची गाडी रिकामी परत येते, तिच्यात तो घाल, अन् सोमवारपासून तू पण नागपूरला ये. इथं जागाच जागा आहे. मग तुला एकटीला तिथं ठेवून काय करू?" माणूस वाईट नव्हता, सरळ होता. सरळ माणसाशी भांडताही येत नाही.

मला नागपूरला जायचं नव्हतं. जायचं म्हणजे मामाकडे राहायचं. दोन खोल्या, मामा, मामी, त्यांची तीन पोट्टी, अन् मामाचा पहाटेपासून सुरू होणारा रेडिओ. मामी रोज भाकरीबरोबर एक स्थळ वाढणार. हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं, की मी एकुलती एक, आईबाबांना सोडून राहायची मला भीती वाटत होती. ते मी कोणाला बोलले नव्हते. साहेबांची अट ऐकून बाबांनी फक्त "हं" म्हटलं होतं.

बाबा रेल्वेच्या कारखान्यात सुतार होते. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, पण टेप काही खिशातून निघाला नव्हता. भाजीवाल्याचा दुधी भोपळासुद्धा मोजून घेतील अशी गत. त्या आठवड्यात मागच्या पडवीत त्यांचं एका लांबट, बुटक्या पेटीचं काम चाललं होतं. सकाळ-संध्याकाळ रंदा. "कायची पेटी आहे?" विचारलं तर म्हणाले, "रजया ठेवायले." आमच्या घरी रजया तीन. एकदा मामाला फोन लावून "आतून किती भरते? नीट पाहून सांग," असं विचारतानाही मी त्यांना ऐकलं होतं. मला वाटलं, मामाच्या घरचं काहीतरी दार अडकलं असेल.

गुरुवारी जेवताना बाबांनी विचारलं, "तुयं मशीन ठेवतात कशात?"

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "रॅकमधी. लोखंडी उभं कपाट असते. रुंदी एकोणीस इंच, सगळ्या जगात तेवढीच. उंची यूमधी मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच. आपला सर्व्हर चार यू आहे, मी चार यू जागा घेतली."

"म्हणजे सात इंच," बाबा म्हणाले. घास तोंडात होता तरी हिशेब झाला होता. "अन् एकोणीस इंच ते आतून का बाहेरून?"

"म्हणजे?"

"मोकळी जागा एकोणीस, का दोन्ही बाजूचे कान धरून एकोणीस?"

मला माहीत नव्हतं. माहीत नाही म्हटलं की मला राग येतो. "बाबा, ते ठरलेलं असते!"

"बरं. उंची झाली, रुंदी झाली. मांगं किती जाते?"

"काय मांगं?"

"मशीन लांब किती, अन् कपाट आत किती? जिथं ठेवाचं ते आधी मोजावं, बाई."

झालं. माझं डोकं सटकलं. "बाबा, हे काही रंदा मारायचं काम नाही! मले कळते माया कामातलं. तुमच्या सुतारकीतलं कशाले घालून राहिले मधात?"

बाबा ताट बाजूला सारून उठले अन् मागच्या पडवीत गेले. त्या संध्याकाळी रंदा चालला नाही. आईनं माझ्याकडे बघितलं, पण तिचंही तोंड उघडलं नाही, अन् आमच्या घरात आईचं तोंड बंद म्हणजे फारच झालं.

शनिवारी सकाळी दोन हमालांनी सर्व्हर तिसऱ्या मजल्यावर चढवला. चांगलाच जड, नवाकोरा, चार यूचा. खोलीचं काम बघणारा एक भैया होता, महासमुंदकडचा, माझ्याच वयाचा, हसरा. दर वाक्याला "हव दीदी" म्हणायचा, हव म्हणजे इकडच्या बोलीत हो. त्यानं मला माझी जागा दाखवली. बरोबर चार यू. आम्ही सर्व्हर उचलला, आत सरकवला, अन् तो सरकता सरकता थांबला. मागं रॅकचं दार होतं अन् पुढं सर्व्हर चार इंच बाहेर लटकत होता.

"दीदी, आपकी मशीन तो बहुत लंबी है," भैया म्हणाला.

मशीन अठ्ठावीस इंच लांब अन् कपाट आत चोवीस. जगात रुंदी ठरलेली असते, उंचीही यूमध्ये ठरलेली असते, पण खोलपणा ज्याचा त्याचा वेगळा असतो, हे मला त्या क्षणी कळलं. लहान यंत्रांची उथळ कपाटं वेगळी, सर्व्हरची खोल कपाटं वेगळी. नुसत्या पुढच्या कानांवर, म्हणजे स्क्रूच्या पट्ट्यांवर, एवढं वजन लटकवून ठेवता येत नाही, मागच्या खांबांचाही आधार लागतो. अन् मी जागा घेताना फक्त "चार यू, चार यू" करत बसले होते.

शेजारी दुसरं कपाट होतं, चांगलं चाळीस इंच खोल. "ते द्या मग," मी म्हटलं.

"वो फुल है दीदी. एक साथ चार यू कहीं खाली नहीं."

तेवढ्यात साहेबांचा फोन. मी कसंबसं सांगितलं. ते हसले. "काय गं, राजधानीत सात इंच जागा नाही?" ते गमतीनं बोलले, पण माझ्या जिव्हारी लागलं. उद्या सकाळी गाडी दाराशी लावतो म्हणाले.

मी घरी आले, चपला भिरकावल्या, अन् पाण्याचा पेला असा आपटला की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काय झालं व?"

"काही नाही झालं! नागपूरले चालली मी. झालं समाधान?" असं ओरडले अन् तिथंच भिंतीला टेकून रडायला लागले. बाबा पडवीतून आले. मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "मांगं किती जाते ते इचारलंच नव्हतं मी."

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, मी सांगितलं होतं. बाबांनी विचारलं, "दुसरं कपाट नाही तिथं?"

"आहे. पण भरलेलं आहे."

"कोण म्हणते?"

"तिथला भैया म्हणते."

"त्यानं मोजलं?"

मी डोळे पुसले.

"जेव. मंग जाऊ."

माझ्या स्कूटीवर मागं बसून बाबा बूढापाऱ्याला आले. मांडीवर कापडी पिशवी, कानावर पेन्सिल. दाराशी रजिस्टर होतं, त्यात नाव अन् कशासाठी आलात ते लिहावं लागायचं. आत फक्त कामाच्या माणसालाच सोडत. भैयानं विचारलं, "अंकलजी?" सकाळपर्यंत मला बाबांना इथं आणायची लाज वाटली असती. आता मी अभिमानानं म्हटलं, "मेरे बाबा हैं. हमारे मिस्त्री." बाबांनी मान हलवली, चपला बाहेर काढल्या, अन् आत शिरले.

आत गेल्यावर त्यांनी पहिल्यांदा हात जोडले. खोल कपाटाच्या अगदी तळाशी विश्वकर्म्याचा फोटो ठेवलेला होता, लाकडी चौकटीत, झेंडूच्या माळेसकट. मी सकाळपासून तिथं होते, मला तो दिसलाही नव्हता. बाबांनी तीस वर्षं कारखान्यात विश्वकर्म्याची पूजा मांडलेली, त्यांना तो आधी दिसणारच.

मग ते कपाटासमोर मांडी घालून बसले. दोन्ही बाजूच्या खांबांना वरपासून खालपर्यंत भोकं असतात, त्यांत स्क्रू बसतात. बाबा त्या भोकांवरून अंगठा फिरवत पुटपुटायला लागले, "पाच, पाच, चार. पाच, पाच, चार."

"काय मोजून राहिले?"

"भोकातलं अंतर. पाच सूत, पाच सूत, मंग चार सूत. झाले चौदा सूत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतारांचं रोजचं माप. "चौदा सूत म्हणजे पावणेदोन इंच. हाच तुया यू. पण हा यू सुरू कोणत्या भोकापासून होते?"

मी महिनाभर यूचा जप करत होते. तो कुठून सुरू होतो हे मला ठाऊक नव्हतं. या वेळी मी म्हटलं, "मले नाही माहीत, बाबा." जगबुडी झाली नाही.

"वरचे हे दुसऱ्यायच्या मशीनचे डबे पाह्य. नीट बसले आहेत, चारही स्क्रू लागले आहेत. चार सुताची जी जवळची जोडी आहे ना, तिच्या मधातून यू सुरू होते. आता खालचे पाह्य."

खालच्या पाच डब्यांना प्रत्येक बाजूला एकच स्क्रू होता. बाबांनी भैयाकडे बघितलं. भैया ओशाळून म्हणाला, "दूसरा स्क्रू बैठता ही नहीं था अंकलजी. एक में काम चल गया."

"दूसरा स्क्रू नहीं बैठता, मतलब काम गलत है बेटा," बाबा म्हणाले. रागावून नाही, कारखान्यात नव्या माणसाला सांगत असतील तसं. एका स्क्रूवर डबे जरासे झुकायचे, खालच्याला घासायचे, म्हणून भैयानं प्रत्येकाच्या मध्ये बोटभर फट सोडली होती. बाबांनी त्या फटी मोजल्या. चार फटी मिळून साडेचार इंच. या पाच डब्यांच्या वर एक मोकळी जागा, एक इंच सात सूत. पेन्सिल तळहातावर चालली. "सहा इंच तीन सूत."

"अन् पाहिजे सात," मी म्हटलं. माझा जीव टांगणीला लागला होता.

"पाच सूत कमी," बाबा म्हणाले. अन् मग ते सगळ्यात खालच्या फळीकडे वाकून बघायला लागले.

ती फळी विश्वकर्म्याच्या डोक्यावर होती, अन् सगळं तिथूनच बिघडलं होतं. चौकटीला वर नक्षीची कलगी होती. ती मावावी म्हणून कोणीतरी फळी एक भोक वर लावली होती. एक भोक म्हणजे पाच सूत. तिथून वरचा एकूणएक डबा यूच्या रेघेवरून घसरला होता. देवाच्या कलगीनं माझी जागा अडवली होती!

"मग फोटो काढून वरती ठेवू," मी हात पुढं केला.

भैया मध्ये आला. "ना दीदी! मालिक की माताजी ने बिठाया है. इसको कोई नहीं हिलाता." तोवर हसणारा माणूस, पण आता जागचा हलेना. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"देव जागीच राहतील," ते हिंदीतून भैयाला म्हणाले, "मी फक्त चौकटीची कलगी उतरवतो. लाकूड आहे, माझं काम आहे. माताजींना विचार."

भैयानं फोन लावला. पलीकडून माताजींनी एकच विचारलं, मिस्त्री कोण आहे? बाबांनी स्वतः फोन घेतला अन् कारखान्याचं नाव सांगितलं, तीस वर्षं पूजा मांडली ते सांगितलं. माताजी म्हणाल्या, मग तुम्हीच करा, दुसऱ्याला हात लावू देऊ नका. फक्त अगरबत्ती लावून मग करा.

अगरबत्ती बाहेर जिन्यात लावली. बाबांनी फोटो मांडीवर घेतला, पिशवीतून बारीक करवत काढली, अन् वऱ्हाडीत देवाला म्हणाले, "माफ करजो बावा. तुयाच धंद्यातला आहे मी." कलगी खाली आली. कापलेली कड त्यांनी पॉलिशपेपरनं अशी घासली की तिथं काही होतं हे सांगूनही पटलं नसतं. फोटो परत तळाशी गेला. फळी एक भोक खाली आली, अन् तिला चारही स्क्रू बसले.

मग मालकांची परवानगी घेऊन एकेक डबा खाली आणला. बाबा खालून हात देऊन धरायचे, भैया स्क्रू काढायचा, मी तारा सांभाळायची. एकाही डब्याचा दिवा विझला नाही. शेवटचा डबा बसला तेव्हा बाबांनी टेप लावला अन् मला म्हणाले, "तूच वाच."

सात इंच. ना एक सूत कमी, ना एक सूत जास्त.

काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय. ज्याला मोजता येतं तो माणूस माझ्याच घरी पडवीत बसला होता अन् मी त्याला मधात बोलू नका म्हणून उठवलं होतं. सर्व्हर आत सरकवला तेव्हा तो शेवटपर्यंत गेला, अन् दार लागलं. हिरवे दिवे लागले. भैयानं "हव!" म्हणून टाळी वाजवली. मी तिथंच, भैयासमोर, बाबांच्या पाया पडले. बाबा मागं सरकत म्हणाले, "अवं, दिवे पाह्य तू, दिवे!"

पाच वाजता साहेबांना फोन केला. त्यांनी नागपुरात बसून सर्व्हर चालवून बघितला अन् म्हणाले, "चालून राहिला की गं. सापडली का मग राजधानीत जागा?"

"जागा होतीच सर," मी म्हटलं, "नीट लावलेली नव्हती."

"बरं. गाडी रिकामीच येऊ दे. तू राहा तिथंच."

घरी येताना चौकातून जिलबी घेतली. आईनं सगळं दोनदा ऐकलं, देवाच्या कलगीचं तिसऱ्यांदा ऐकलं, अन् हसून हसून पदर तोंडाला लावला. मी जिलबी घेऊन पडवीत गेले. पेटी तयार झाली होती. कड्या लागल्या होत्या, तेल पाजलं होतं. मी झाकण उघडलं. आत रजया नव्हत्या. झाकणाच्या आतल्या बाजूला माझ्या आरशाच्या मापाची खाच होती, एका कोपऱ्यात पुस्तकांचा कप्पा होता.

"आई, ही कायची पेटी आहे खरं सांग."

आई दारात उभी होती. "तुयीच होय. नागपूरले न्यायले. मामाच्या पलंगाखाली गेली पाहिजे म्हणून फोन करून उंची इचारली त्यायनं. मामानं अंदाजानं सांगितलं तं दोनदा पुन्हा मोजायले लावलं."

मी जाऊ नये असं या माणसाला वाटत होतं, हे मला आता त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तरी आठ दिवस रंदा मारून, मी जिथं जाणार ती जागा मोजून, त्यांनी मला पाठवायची तयारी केली होती. अन् मी त्यांना ताटावरून उठवलं होतं. "बाबा, गुरुवारी मी लय वाईट बोलली," एवढंच म्हटलं.

"जाऊ दे व," बाबा म्हणाले. जिलबीची बोटं धोतराला पुसून त्यांनी पेटी आडवी केली अन् तिच्या बुडावर हात फिरवला. "आता हिले पाय लावतो."

पाय लावले की पेटी कोणाच्या पलंगाखाली जात नाही.

"किती उंच लावू?" त्यांनी विचारलं.

"चार यू."

"सात इंच," बाबा म्हणाले, अन् कानावरची पेन्सिल काढली.